मोजणी चालू आहे

माझं अक्षर वाकडं आहे आणि लिहिण्यात चुकाही असतील, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीतच सुटली.

झालाना नावाच्या भागातल्या एका ऑफिसात मी चहा देते. तिथे धुळीच्या वादळांची माहिती मोठ्या मशीनमध्ये साठवतात. एकेक फाइल एवढी मोठी, की तिचे तुकडे करून बऱ्याच डिस्कवर ठेवावे लागतात. तुकडा केवढा असावा, यावर वाचण्या-लिहिण्याचा वेग ठरतो. तो आकार ठरवायला एक साहेब आले होते. नाव विचारायचा मला संकोच वाटला.

साहेब रोज तुकड्याचा आकार बदलायचे आणि वेग मोजायचे. मोजताना मशीन मोकळं हवं, म्हणून बाकी सगळ्यांची कामं बंद. कुणी दारात आलं की साहेब हवालदारासारखा तळहात वर करायचे.

नागपूरहून इथे शिकायला आलेल्या एका मुलीला सोमवारी प्रबंध द्यायचा होता. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, माझी फाइल एकदा तरी वाचू द्या."

"बेटा, मशीन आता विजेसारखं पळतंय," साहेब म्हणाले. "तुम्ही लोक वापरता, मतलब, तेव्हाच ते मंद होतं."

शेवटी ती मुलगी आपल्याजवळ असलेली माहितीची प्रत घेऊन जवळच्या जगतपुऱ्याला मैत्रिणीच्या कॉलेजात गेली. तिथल्या जुन्या मशीनवर शनिवार-रविवार बसून तिने काम पुरं केलं.

सोमवारी मी चहा नेला, तेव्हा साहेब तिला विचारत होते, "आभारात माझ्या कामाबद्दल लिहिलंस ना?"

"हो सर. तुम्ही होता तोवर मशीनला कुणाचा हात लागला नाही, असं लिहिलंय."

साहेबांनी समाधानाने मान हलवली. "एवढं कुणी समजून घेत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी चहा घेतला.