मायानं बसवलेली हेडलाईट

मला आंधळा ड्रायव्हर म्हननाऱ्याचं वाटोळं हू दे, असं दोन वरसं मी रोज सकाळी तोंड धुताना म्हनत हुतो. देवदेव मी करत न्हाई, पन ह्यो जप एक दिवस चुकला न्हाई. बायको चहा ठेवता ठेवता ऐकायची आन गप बसायची. तिचं नाव माया. सांगायचं हाय ते तिचंच, पन माझ्याशिवाय तिचं कळायचं न्हाई, म्हनून आदी माझं ऐका.

मी धोंडिराम, रहिमतपूरचा. फौजेत बावीस वरसं ड्रायव्हर. लेहच्या रस्त्यावर बर्फात तीन टनी गाडी चालवली, एका अंगाला डोंगार, एका अंगाला खोल दरी, आन गाडीला ओरखडा न्हाई. साहेब लोक म्हनायचे, धोंडिराम स्टेरिंगवर हाय ना, मग झोपा. पेन्शनीत आल्यावर शाळेची व्हॅन धरली. बारकी बारकी पोरं मला ड्रायव्हरकाका म्हनायची. आयाबाया बिनघोर पोरं माझ्या हातात द्यायच्या. मानसाला आनखी काय लागतंय?

दोन वरसांखाली दिवेलागणीला स्कुटीवरनं घरी येत हुतो. उसातला रस्ता, एका अंगाला पाटाची चारी. समोरनं ऋषिराज आला. ह्यो बागायतदाराचा पोरगा, वय चोवीस, नवीकोरी मोटरसायकल, मागं दुधाची दोन कॅन बांधलेली. त्या गाडीला त्येनं कुठनं तरी पांढरी लाईट मागवून बसवलेली. समोर आला आन माझ्या डोळ्यापुढं नुसता पांढरा भपका. रस्ता न्हाई, चारी न्हाई, काय न्हाई. मी स्कुटीसकट चारीत. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला. आता काठी घेऊन चालतूया.

पाय मोडला त्येचं येवढं न्हाई वाटलं. पन चोराच्या उलट्या बोंबा! ऋषिराज स्टँडवर चार लोकांत म्हनाला, "मी डिपर मारला हुता. म्हाताऱ्यालाच दिसत न्हाई. डोळं गेल्यात न् गाडी चालवतंय." मी पन्नाशीचा, आन म्हातारा! गावाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. पंधरा दिवसांत निम्म्या आयांनी पोरं व्हॅनमधनं काढली. भाजीवाल्या बनुबाईनं तर तोंडावर सांगितलं, "राग मानू नगंस ड्रायव्हर, पन माझा एकच नातू हाय." व्हॅन गेली. मी सांगलीला जाऊन डोळं तपासलं. डॉक्टर म्हनाला, गरुडासारखी नजर हाय. चिठ्ठी खिशात घालून फिरलो, पन चिठ्ठी वाचतंय कोन? लोकं चिठ्ठी बघून हसायची.

आता मायाचं. ती एमआयडीसीत एका कारखान्यात अकरा वरसं कामाला हुती, ठेकेदाराकडं. गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बांधायचं काम. सगळ्या बायकाच. लांब फळीवर खिळं मारलेलं, त्या खिळ्यांतनं वायरी फिरवायच्या, टोकाला जोडनीचा कपलर दाबायचा, वरनं टेप गुंडाळायची. टेपचा परत्येक वेढा निम्म्या वेढ्यावर चढला पायजे, नायतर सुपरवायझर अख्खी जुडी माघारी फेकायचा. मी दवाखान्यात हुतो तवा तिच्या खाड्याचं कारन करून ठेकेदारानं तिला घरी बसवली.

घरी बसली, पन हात गप बसंनात. माझी मोडकी स्कुटी दारात पडलेली. तिची हेडलाईट तिनं खोलली, भंगारातनं दुसरी आणली, आन अशी बसवली की शोरूमवाल्यालाबी कळू नये. शेजारच्या पोरानं बघितलं, त्येची गाडी आली. मग दुसऱ्याची, तिसऱ्याची. सा म्हयन्यांत पार म्हसवडवरनं गाड्या यायला लागल्या. पोरास्नी भारी लाईट पायजे, पन बाहेरनं बसवल्यासारखी दिसाय नको. लोकं म्हनायची, "काकी, एकदम कंपनीतनं आल्यावानी करता!"

ती म्हनायची, "कंपनीत तरी कोन बसलं हुतं रं? मीच की!"

आमच्या पडवीत बघा तिचं काम. एक वायर कापनार न्हाई. बाकीचे मेस्त्री काय करत्यात, मूळ वायर दाताडानं सोलायची, नवी पिळायची, वर काळी टेप फासायची, झालं. पाऊस लागला की धूर. ही मूळ कपलरला जोडीचा कपलर करती. काच सोडवायला गरम हवेची बंदूक, आन तीबी हळूहळू, नायतर प्लास्टिक वाकडं. आतनं लेन्स बसवायची, काच परत चिकटवायची, मग पाण्याच्या बादलीत बुडवून बघायची, बुडबुडा आला तर परत पयल्यापासनं. आन बोल्टाच्या डोक्यावर पान्याचा ओरखडा दिसला तर सोताच बोल्ट बदलायची. मी म्हनायचो, कोन बघतंय? ती म्हनायची, "मी बघतीया."

आन मी मनात म्हनायचो, वा गं वाघिणी! नवऱ्याला लाईटीनं पाडला म्हनून तालुक्यातली सगळी लाईटच हातात घेतली! मला वाटायचं, ही माझाच सूड उगवतीया. ती कवा तसं बोलली न्हाई, पन मी तसंच धरून चाललो.

आन एक दिवस ऋषिराजच दारात आला. गाडी ढकलत. हेडलाईटच्या वायरी वितळून एक झालेल्या. सांगलीच्या शोरूमनं माघारी लावलेला, बाहेरच्या हाताचं काम हाय, आमी हात लावनार न्हाई म्हनून. माझ्याकडं बघंना. खाली बघून म्हनाला, "काकी, तेवढं कंपनीसारखं करून द्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. काठी उचलली. म्हनलं, "जा तुझ्या स्टँडवर! तितं सांग आंधळ्या ड्रायव्हरची बायको गाडी धरंना म्हनून!"

माया म्हनाली, "ठिव गाडी. आन दुधाची कॅनबी ठिवून जा. चार दिवसांनी बाजारादिवशी ये."

तो गेल्यावर आमचं वाजलं. "फितूर झालीस का?" म्हनलं. "बरं, धरलीस तर धर. दोन वायरी अशा लाव की चालता चालता पेटली पायजे."

"माझ्या हातनं तसलं काम हुनार न्हाई."

"मग नवऱ्याच्या वैऱ्याची गाडी सजवनार?"

"आवं, जरा गप बसा," म्हनाली आन गाडीफुडं बसली.

चार दिवस मी तिच्याशी बोललो न्हाई. ताटाला पाठ करून जेवलो. तिनं त्येची जुनी हेडलाईट पांढऱ्या दिव्यासकट अख्खीच्या अख्खी काढून बाजूला ठिवली आन त्याच मॉडेलच्या हेडलाईटचा डबा भंगारातनं आणला. काच बारीक पॉलिशपेपरनं पाण्यात घासून अशी केली की दुकानातली काच हिच्याफुडं पानी भरंल. लेन्स बसवली. जळकी जुडी पुरी काढून नवी बांधली, वेढ्यावर वेढा, क्लिपा मूळ जागी. मी चोरून बघत हुतो. खोटं कशाला बोलू, त्या गाडीला कुनी हात लावलाय असं वाटतच नव्हतं. आन त्येच मला जास्त झोंबत हुतं.

बाजारादिवशी दिवेलागणीला ऋषिराज आला. आमची गल्ली बाजाराच्या मागचीच. पाट्या उचलून बाया घरी चाललेल्या, पोरं गाडी बघाय गोळा झालेली. पोरगं वाकून वाकून बघाय लागलं. "काकी, कंपनीपेक्षा भारी! आई शप्पत, कुठं जोड दिसंना!" माझ्या अंगाचा नुसता भडका.

माया म्हनाली, "थांब. आदी जुनी लावून बघू, मग नवी. फरक कळाय पायजे न्हवं तुला."

कपलर सोडला, त्येची जुनी हेडलाईट जोडली. दोन मिंटाचं काम. पाण्यानं भरून ठिवल्याली त्येचीच कॅन मागं बांधली. मागनं वजन पडलं तशी गाडी दबली आन पुढचं तोंड आभाळाकडं झालं. ह्योच तर सगळ्यांचा खुळचटपना, लाईट बसवत्यात मोकळ्या गाडीवर आन फिरत्यात कॅन लादून. मग त्येला म्हनाली, "गल्लीच्या त्या टोकाला जा. तितनं सरळ माझ्याकडं चालत ये."

"कशाला काकी?"

"ये तर."

तो गेला. गल्लीच्या कडंनं उघडी गटार हाय, गावाला ठाऊक हाय. तो चालाय लागला तशी मायानं लाईट लावली. पोरानं हात डोळ्यावर धरला. दोन पावलं आला, थबकला.

"ये की रं!"

"काकी, डिपर मारा! काय दिसंना!"

"मारलाय बघ," ती म्हनाली आन सगळ्यांस्नी दिसंल असं बटन खालवर केलं. उजेडात तिळाचाबी फरक न्हाई. "डिपरच हाय ह्यो. ये."

आन गड्या, तिसऱ्या पावलाला ऋषिराज गुडघ्याइतका गटारीत! पोरं खदाखदा हसली. माझं हसू मलाच आवरंना, काठी आपटून हसलो. पन बनुबाई हसली न्हाई. ती पाटी खाली ठिवून डोळं चोळत हुती. मोठ्यानं म्हनाली, "आगं बया, मला हितं बाजूला उभी राहून दिसंना झालं. मग धोंडिरामच आंधळा कसा गं?"

मायानं लाईट बंद केली.

"ऋषिराज, चारी कुठं हाय ते दिसलं का तुला?"

तो गटारीतनं वर आला. चिखलानं भरलेला. पयल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं. "चुकलं काका. डिपर-बिपर काय नव्हता. लाईट माझीच हुती."

"मोठ्यानं बोल," मी म्हनलं. "स्टँडवर बोललास तेवढ्या मोठ्यानं."

त्येनं परत सांगितलं. मी तिसऱ्यांदा बोलाय लावलं. लोकं म्हनत असतील लय ताणलं म्हाताऱ्यानं. म्हनू देत. दोन वरसं ज्येचं पोट जळालं त्येलाच ठाऊक. मग मायानं नवी हेडलाईट जोडली, कॅन तशीच ठिवून हेडलाईटच्या मागचा बोल्ट फिरवला, भिंतीवर उजेड कमरेच्या खाली आणला आन त्येला लावून दिला.

घरात आलो. मी राजावानी भिंतीला टेकून बसलो. चार दिवसांचा अबोला कुठल्या कुठं गेला. म्हनलं, "माया, मानलं तुला. दोन वरसं डाव धरून बसली हुतीस, आन मला पत्ता न्हाई! तुला तरी पयल्यापासनं म्हाईत हुतं माझी चूक नव्हती ते."

ती भाकरी थापत हुती. थापायची थांबली.

"नव्हतं म्हाईत," म्हनाली.

"म्हंजे?"

"मलाबी वाटायचं तुमालाच दिसलं नसंल. रोज सकाळी तुमी शिव्या द्यायचा, तवा वाटायचं, सोताची चूक दुसऱ्याच्या गळ्यात बांधत्यात. तुमच्या तोंडावर कसं बोलावं? म्हनून गप बसायची. त्येची लाईट घरात आली तवा तुमी झोपल्यावर लावली आन फुडं उभी राह्यले. तवा कळलं."

गावानं आंधळा म्हनलं ते मी सोसलं, कारन घरात एक मानूस तरी मला डोळस समजतंय असं धरून चाललो हुतो. आन ती रोज सकाळी चहाचा कप हातात देताना मला आंधळाच समजत हुती. डॉक्टरची चिठ्ठी पयली तिलाच दावली हुती मी.

"चुकलं माझं," ती म्हनाली.

मला तिच्या हातची भाकरी नको झाली. म्हनलं, "त्येनं गल्लीत सगळ्यांफुडं सांगितलं. तू चुलीपाशी सांगतीस व्हय?"

तिनं पिठाचं हात धुतलं. तवा उतरवला, पदर नीट केला, चपला घातल्या. गल्लीच्या तोंडाला बनुबाई आन चारजणी अजून बोलत उभ्या हुत्या, आवाज येत हुता. दारात जाऊन तिनं एकदा मागं वळून बघितलं, मी हाक मारतूया का म्हनून.

मी मारली न्हाई.