घरून आणलेलं पाणी

पाण्याच्या प्रशिक्षणात मी आता कुणाला घरचं पाणी आणायला सांगत नाही. पूर्वी सांगायचे, आणि मोठ्या हौसेनं सांगायचे. सहकारी विचारतात, मॅडम, तो प्रयोग किती रंगायचा, बंद का केलात? मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेते. खरं कारण म्हणजे एक माणूस आणि त्याची बायको.

माझं काम आधी सांगते. रायपुरात मी सरकारी कर्मचाऱ्यांना पिण्याच्या पाण्याचे नियम शिकवते. पंपचालक, फिटर, टाकीत ब्लीचिंग पावडर टाकणारे आणि त्यांच्यावरचे उपअभियंते, असे सगळे एका हॉलमध्ये तीन दिवस कोंडायचे आणि कागदावरचे नियम त्यांच्या गळी उतरवायचे. सरकारी प्रशिक्षण काय चीज असते ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. फोल्डर, पेन, समोसा, दुपारच्या डुलक्या आणि शेवटी ग्रुप फोटो. पुढच्या रांगेतले साहेब लोक मोबाइलमध्ये मान घालून बसतात आणि मागचे जेवणाची वाट बघतात. मला याचा भयंकर राग येतो. अरे, लोक तुमच्या हातचं पाणी पितात, जरा तरी ऐका, असं ओरडावंसं वाटतं. एकदोनदा ओरडलेही आहे.

त्या रागातूनच मी तो प्रयोग काढला होता. पहिल्या दिवशी सांगायचं की उद्या प्रत्येकानं आपल्या घरच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणा. दुसऱ्या दिवशी ते पाणी छोट्या काचेच्या शिशीत खुणेपर्यंत भरायचं. त्या शिशीत औषधाचा कागद असतो. पाण्यात घाण मिसळलेली असेल, म्हणजे स्पष्टच सांगायचं तर संडासातली घाण, तर शिशी रात्रीतून काळी पडते. शिशीवर नाव लिहायचं, टेबलावर रांगेत मांडायच्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघायच्या. मग हॉलमध्ये एकही जण डुलकी घेत नसे. वस्तीचं पाणी खराब आहे म्हटलं तर जांभई देणारा माणूस, स्वतःच्या घरचं पाणी काळं झालेलं बघितलं की खडबडून जागा होतो.

स्वतः पाण्याच्या बाबतीत मी किती विक्षिप्त आहे तेही सांगून टाकते. मी कुणाच्याही घरचं पाणी पीत नाही. पिशवीत माझी बाटली असतेच. समता कॉलनीत नणंदेकडे गेले की ती दारातच हात जोडते आणि म्हणते, वहिनी, तुमचं तुम्ही प्या, मी मध्ये पडत नाही. लग्नाच्या पंगतीत नवरा शेजारच्यांना सांगतो की ही वरणाचासुद्धा नमुना घेऊन जाते. मुलाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. तो म्हणतो, मम्मी, आप तो बारात में भी लॅब लेकर जाती हो. मी मनावर घेत नसे. उलट मला त्याचा जरा तोराच होता.

त्या वेळच्या तुकडीत तो होता. पन्नाशीचा, सावळा, शर्टाची वरपर्यंत सगळी बटणं लावलेला. रायपूरबाहेर उरल्याच्या कारखान्यांच्या पलीकडे एका वस्तीतल्या पाण्याच्या टाकीवर पंपचालक. मूळ भंडाऱ्याकडचा. वडील कामाला म्हणून इकडे आले आणि सगळे इकडचेच झाले. पहिल्या दिवशी चहाच्या वेळी मी फोनवर आईशी बोलत होते. ते मराठी ऐकून तो जवळ आला आणि म्हणाला, म्हणजे तुम्ही आपल्यातल्याच हाव. तिथून पुढे मी त्याच्यासाठी मॅडमची ताई झाले.

त्याच दुपारी मी नळजोडण्यांबद्दल शिकवलं. आपल्याकडे घरोघरची लाइन पुष्कळदा सांडपाण्याच्या नालीतून गेलेली असते, कारण तो रस्ता जवळचा पडतो. पाणी चालू असतं तोवर ठीक. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आणि कुठे बारीक चीर असेल तर आजूबाजूची घाण आत ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की तेच सगळं हंड्यात. तो उभा राहिला आणि हिंदीत विचारलं, टंकी में क्लोरीन एकदम बरोबर हो, तो भी? मी म्हटलं, तो भी. आणि वर म्हटलं, भैया, नाली किसी की टंकी का लिहाज नहीं करती. हॉल हसला. तो खाली बसला. आपला विनोद साधला म्हणून मी खुशीत होते. आज तो विनोद आठवला की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेबलाभोवती ही गर्दी झाली. बहुतेक शिश्या जशा होत्या तशाच होत्या. दोनतीन काळ्या पडल्या होत्या, आणि त्यातली सगळ्यात काळी त्याची होती. पुढच्या रांगेतले एक साहेब मोठ्यानं म्हणाले, लो भाई, जो पूरी बस्ती को पानी पिलाता है, उसी का पानी काला! लोक पोट धरून हसले. दरवेळी असं हसणं व्हायचं, आणि मी ते चालू द्यायचे, कारण हसताना माणसं शिकतात असं माझं म्हणणं होतं. तो हसला नाही. रागावलाही नाही. त्यानं शिशी उचलली, उजेडात धरली आणि पुन्हा जागच्या जागी ठेवली.

चहाला सगळे बाहेर गेले तरी तो टेबलापाशीच उभा होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "ताई, ही शिशी मी घरी नेऊ का?"

मी नाही म्हटलं. काळ्या शिशीत घाण वाढलेली असते. ती ब्लीचिंगच्या पाण्यात घालून नष्ट करायची असते, हे मीच त्यांना शिकवलं होतं. तो मान हलवत राहिला, पण हलला नाही. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. आवाज इतका हळू होता की मला अगदी जवळ जावं लागलं.

त्याला एकच मुलगी. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. तिला गुपचुपचे डोहाळे लागले. पाणीपुरीला इकडे गुपचुप म्हणतात. डोहाळे पुरवायचे नाहीत तर आई कशाची, म्हणून त्याची बायको संध्याकाळी तिला नाक्यावरच्या ठेल्यावर घेऊन जायची आणि ती खाईपर्यंत शेजारी उभी राहायची. मग मुलीला ताप आला. डोळे पिवळे झाले. साधी कावीळ असेल, उतरेल, असं आधी सगळ्यांना वाटलं. पण पोटुशी बाईला कावीळ झाली की कधीकधी ती सावरायला वेळच देत नाही. दवाखान्यात आधी पोटातलं गेलं, मग ती गेली.

तेरवीच्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर मुलीची सासू त्याच्या बायकोला म्हणाली की ठेल्यावरचं घाणेरडं पाणी पाजून तू माझी सून मारलीस आणि माझा नातूही. कुणी काही बोललं नाही. तोही बोलला नाही.

"मलेबी तसंच वाटलं होतं ना, ताई," तो म्हणाला. "टाकीचं पाणी तं मीच पायत होतो. त्यात काही खोट नव्हती. मंग ठेल्याचंच असन, असं वाटलं."

तेव्हापासून बायको घराबाहेर पडत नव्हती. नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. जेवायला वाढायची, पण समोर बसायची नाही. आणि आमच्या पहिल्या दिवशी मी नालीतल्या लाइनीबद्दल बोलले तेव्हापासून याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. शिशी काळी व्हावी असं त्याला वाटत होतं. इतक्या वर्षांत शिशी काळी व्हावी म्हणून वाट बघणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तिले दाखवतो," तो म्हणाला. "म्हणजे तिले समजन का तिचं काही नाही चुकलं." मग त्यानं विचारलं, "तवाचं पाणीबी असंच असन ना, ताई?"

या प्रश्नाचं उत्तर मी हॉलमध्ये कितीदा दिलंय. शिशी फक्त आतल्या पाण्याबद्दल सांगते, कालच्या किंवा परवाच्या पाण्याबद्दल नाही. शिवाय कावीळ करणारा विषाणू वेगळा, तो या शिशीला दिसतसुद्धा नाही. ठेलाही असू शकतो, नळही असू शकतो, आता कुणालाच कळणार नाही. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मी म्हणाले, "हो. असंच असणार."

मग म्हटलं, शिशी तुम्ही एकटे नेऊ नका, मीही येते. मला वाटलं, मॅडम म्हणून मी सांगितलं तर त्या बाईचा विश्वास बसेल. खरं सांगायचं तर माझ्या मनात एक चित्र तयार झालं होतं. ती शिशी बघेल, रडेल, मोकळी होईल. इतकं शिकवूनही ज्याचं काही होत नाही अशा माझ्या कामाचं एकदा तरी काही होईल. मी त्या चित्रावर खूश होते.

प्रमाणपत्रं वाटून झाल्यावर आम्ही माझ्या गाडीतून निघालो. शिशी त्यानं रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली होती आणि वर हात धरला होता. उरल्याच्या रस्त्याला ट्रकांची रांग, सगळीकडे काळी धूळ, कारखान्यातली पाळी संपवून सायकलींवरून घरी निघालेली माणसं. वस्तीत गल्लीच्या तोंडाशी गाडी ठेवावी लागली. पुढे नालीच्या कडेनं चालत गेलो. घराजवळ तो थांबला आणि नालीतल्या काळ्या पाण्यात बुडालेला निळा पाइप त्यानं मला दाखवला. ती लाइन त्यानं स्वतःच टाकली होती. डिपार्टमेंटचा माणूस, त्याला कोण अडवणार? नालीतून जवळ पडत होतं, म्हणून तिथून नेली. दुसऱ्या कुणाच्या घरी असती तर मी टाकू दिली नसती, असं तो म्हणाला.

घर नीटनेटकं होतं. चपला काढून आत बसते न बसते तोच त्याच्या बायकोनं स्टीलच्या ग्लासातून पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं आणि दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. बारीक बाई, माझ्याच वयाची. कोपऱ्यात शिलाई मशीन होतं आणि त्यावर बाळाच्या दुपट्यांची चळत घडी घालून ठेवलेली. जुन्या मऊ लुगड्यांची, काठ आत दुमडून शिवलेली. ती कुणी उचलली नव्हती. मी ग्लासाकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्या पाण्याची शिशी नवऱ्याच्या खिशात होती.

त्यानं रुमाल उलगडला. बायकोपुढे खाली बसला आणि शिशी तिच्या हातात दिली. हे आपल्या नळाचं पाणी आहे, असं त्यानं तिला सांगितलं. लाइन नालीतून गेली आहे, तिथून घाण आत येते, पोरीला कावीळ त्यानंच झाली. ठेल्यानं नाही. तू काही केलं नाहीस. तो अडखळत बोलत होता, म्हणून मी मध्ये पडले. हॉलमधल्या माझ्या आवाजात, ठामपणे, जे मी कुठल्याही हॉलमध्ये कधी बोलले नसते ते सगळं बोलले. वहिनी, हे पाणीच खराब होतं, तुमचा यात काही दोष नाही, असंही म्हणाले.

ती शिशी हातात फिरवत राहिली. मग तिनं नवऱ्याला विचारलं की हे खरंच आपल्या घरचं का. तो हाव म्हणाला.

"तिले तिखट लागायचं," ती म्हणाली. कुणाकडे न बघता, शिशीकडे बघत. "ठेल्यावाला पाणी द्यायचा तं मी पेऊ देत नव्हती. बाहेरचं पेऊ नको म्हणो, पोटात लेकरू हाय. घरी चाल. मंग घरी आणून याच माठातलं गिलासभर पाणी द्यायची. रोज. दुसऱ्याच्या हातानं नाही, माह्या हातानं."

"लाइन मी टाकली," तो म्हणाला. "तुही चूक नाही. माही हाय."

"पाजलं तं मी," ती म्हणाली.

इतके दिवस दुसऱ्यांनी तिच्यावर टाकलेलं ते ओझं होतं. त्यात तिला निदान एक शंका होती, की ठेल्यावाल्यानं पाण्यात काय घातलं असेल कोण जाणे. ती शंका आम्ही दोघांनी मिळून काढून घेतली. तो पुन्हापुन्हा माही, माही म्हणत राहिला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणावंसं वाटत होतं की शिशी फक्त आजचं सांगते, तेव्हाचं नाही, कुणालाच काही ठाऊक नाही. पण ते मी सकाळीच सांगायला हवं होतं, आता ते कुणी ऐकलं नसतं. मी रडत होते, आणि त्या घरात रडायचा हक्क माझा नव्हता, म्हणून पदर तोंडाला लावून बसले.

मग ती उठली. शिशी तिनं दुपट्यांच्या शेजारी मशीनवर ठेवली. माझ्यापुढे आली आणि न प्यालेला ग्लास उचलला.

"तुम्ही नका पेऊ हे," ती म्हणाली, आणि ग्लास घेऊन आत गेली.

आत पाणी ओतल्याचा आवाज आला. मग माठ उचलल्याचा, आणि बराच वेळ नुसता पाणी ओतल्याचा. माझ्या घशाला कोरड पडली होती. पिशवीत माझी बाटली होती, भरलेली. ती काढायची मला लाज वाटली.