रुवैसमधला हालहवाल

फुजैरात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या खाला जदगाल आहेत. हे मूळचे मकरानच्या किनाऱ्यावरचे लोक. काही पाकिस्तानात, काही इराणात, आणि खालांच्या सासऱ्यांसारखे काही मासेमारी करत करत इकडे आखातात येऊन राहिलेले. सगळे त्यांना बलूचच समजतात, खालाही कुणाला समजावत बसत नाहीत. घरात मात्र त्या जदगालीच बोलतात. ही सिंधीच्या जवळची भाषा. मुलं ती शाळेत शिकत नाहीत, त्यामुळे घरातून गेली की गेलीच. खालांचा मुलगा बंदरात इंजिनियर आहे. आई जदगालीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. माझी मुलंही माझ्याशी हेच करतात, म्हणून मी त्याला कधी उपदेश करत नाही.

खालांनी यावर एकच उपाय शोधला होता: जदगाली बोलणारी सून. रुवैसला रिफायनरीत नोकरी करणाऱ्या एका जदगाल माणसाची मुलगी लग्नाची होती. तिची आजी थेट मकरानची, म्हणजे घरात भाषा असणारच, असा खालांचा हिशेब. मुलाने तिला एका लग्नात पाहिलं होतं आणि तो भाषेवाचूनही तयार होता.

मला सोबत नेलं ते माझ्या पदवीमुळे. मी बी.कॉम. आहे. रायगडातल्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी ओळख झाली की लगेच सांगते. लाजायचं कशाला, फुकट मिळालेली नाही. शिकलेली बाई बरोबर असली की स्थळाला वजन येतं, असं खाला म्हणाल्या. मला ते लगेच पटलं.

फुजैराहून रुवैस म्हणजे देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गाडी मुलगा चालवत होता आणि मागून खाला त्याला एक वाक्य शिकवत होत्या. मुलीच्या आजीपुढे वाकून जदगालीत म्हणायचं, मला दुआ द्या. एवढंच. दुबई ओलांडली तरी जमेना. अबू धाबीच्या पुढे पेट्रोल पंपावरच्या मशिदीत आम्ही दुपारची, जोहरची नमाज पढलो. खालांनी दुआ जरा लांबवली. गाडीत बसल्यावर त्याने वाक्य म्हटलं आणि खालांनी डोळे मिटून घेतले. मग ठरलं, त्याने नुसता सलाम करायचा आणि थेट पुरुषांच्या बैठकीत, मजलिसमध्ये जाऊन बसायचं. त्याला भाषा येत नाही हे तिथे कुणी बोलायचं नाही. हे सांगताना खाला माझ्याकडे बघत होत्या.

रुवैसला मुलगा सलाम करून सुखरूप मजलिसमध्ये पोचला. आम्ही बायकांच्या खोलीत गालिच्यावर बसलो. समोर आजी, शेजारी मुलीची आई. मुलगी चहा ठेवून आत गेली.

आता त्यांच्यातली एक रीत सांगायला हवी. पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग घरातलं मोठं माणूस त्याला हालहवाल विचारतं. "सगळं ठीक" एवढं म्हणून भागत नाही. घरून निघाल्यापासून काय झालं, वाटेत कोण भेटलं, काय ऐकलं, सगळं क्रमाने सांगायचं, आणि मधे कुणी बोलायचं नाही. काही लपवलं तर हालहवाल खोटा ठरतो. तो झाल्याशिवाय कामाचं बोलणं नाही.

आजींनी विचारलं. खालांनी रीतीप्रमाणे सांगायचा मान मला दिला, मी तो घाईघाईने परत केला. मग खालांनी बिस्मिल्ला म्हणून सुरुवात केली. त्या जदगालीत बोलत होत्या आणि मुलीची आई माझ्या कानात हिंदीत सांगत होती. दाराला कुलूप लावलं ते आलं. रस्त्यात वेग पकडणाऱ्या रडारचा फ्लॅश उडाला तो आला. ही बी.कॉम. झालेली शेजारीण दुबईपासून तोंड उघडं टाकून घोरत होती, तेही आलं. मी म्हटलं, काय करणार, क्रमानेच सांगतायत.

मग पेट्रोल पंप आला, नमाज आली, आणि मला धडकी भरली. खालांची गाडी थांबेना. मुलाला एक वाक्य शिकवलं, त्याला जमलं नाही, आणि हे तुम्हाला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं, हेसुद्धा त्यांनी सांगून टाकलं. मग ओढणी सारखी करत बसल्या.

आजींनी कप खाली ठेवला. आता यजमानांची पाळी. त्यांनी पहाटेच्या नमाजपासून सुरुवात केली, मटण कुठून आणलं ते सांगितलं, आणि मग तितक्याच शांतपणे म्हणाल्या की गेले काही दिवस नातीलाही एक वाक्य शिकवतेय, तीही तसलीच, जमत नाही. चहा ठेवून लगेच आत जा असं तिला सांगितलं होतं.

खाला खोटं हसल्यासुद्धा नाहीत. त्यांचा चेहरा असा उतरला की मला घोरण्याचा राग विसरायला झालं. इतका रस्ता तुडवून आल्या होत्या त्या एका गोष्टीसाठी, आणि ती या घरातही नव्हती. उठायचं की बसायचं, ते त्यांना कळेना. शेवटी म्हणाल्या, मुलीला बोलवा, तिच्याकडूनही ऐकू दे.

मुलगी आली. तिचं बोलणं म्हणजे उर्दू, अरबी, इंग्रजी, तिन्हींची भेळ. पण तिने क्रम सोडला नाही. सकाळी उठले, आजीने भात करपवला म्हणून मी तो पुन्हा शिजवला, वाक्य आरशासमोर म्हटलं, आईला हसू आलं, यल्ला यल्ला, लवकर लवकर करत कपडे बदलले, खिडकीतून तुमचा मुलगा गाडी लावताना पाहिला, चांगला दिसला पण पार्किंग तिरकं केलं. कुणी मधे बोललं नाही. आजी भाताच्या वेळी छताकडे बघत होत्या.

खालांनी तिला जवळ बसवलं. "आमच्याकडे आलीस तर मला रोज असा हालहवाल देशील?"

"देईन, आंटी," ती म्हणाली. "पण तुम्ही मला तुमचा जदगालीत द्यायचा. आणि मला कळला नाही तर परत पहिल्यापासून."

"माझा लांब असतो."

"ते ऐकलं मी, दाराआडून."

खाला आजींकडे वळल्या आणि जदगालीत काहीतरी म्हणाल्या. आजींनी खजुराचं ताट पुढे सरकवलं. मुलीची आई मला काही सांगायचंच विसरली, पण तिने डोळे पुसले, त्यावरून स्थळ ठरलं हे मी समजले आणि एक खजूर उचलला.