माडीवरच्या खोलीतला पुढारी

ब्रह्मदेश स्वतंत्र होणार अशा बातम्या येऊ लागल्या, तेव्हा मी धारवाडच्या एका मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते. नोकरीचं दुसरंच वर्ष होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालय होतं. त्याच्या चिटणिसांनी शेजारच्या देशांतल्या पुढाऱ्यांवर व्याख्यानं ठरवली आणि एका रविवारी सकाळी ते आमच्या घरी आले. माझे वडील वकील होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. चिटणीस त्यांच्याशीच बोलले, मी दारात उभी असूनही.

"या खेपेला बायकांनाही बोलावणार आहोत. तेव्हा व्याख्यान देणारी एक तरी बाई हवी की नको? ब्रह्मदेशाचा पुढारी तुमच्या मुलीकडे दिला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "तिलाच विचारा की."

मी हो म्हटलं. ब्रह्मदेशाबद्दल मला सागवान आणि तांदूळ यापलीकडे काही माहीत नव्हतं, पण नाही म्हणायचं धाडस त्याहून कमी होतं.

पुढचे आठ दिवस शाळा सुटली की मी वाचनालयात बसून वर्तमानपत्रं चाळायची. पुण्या-मुंबईची पत्रं आमच्याकडे एक दिवस शिळी होऊन यायची. त्यांतून जमलं ते एवढंच: हा माणूस नदीकाठच्या एका लहान गावात जन्मला, रंगूनला शिकला, विद्यार्थ्यांच्या संपात पुढे होता, वकील झाला, वर्तमानपत्र चालवलं, तुरुंगात गेला, आणि आता नव्या सरकारात त्याला मोठी जागा मिळणार होती. एक छायाचित्रही मिळालं. गोल चेहरा, जाड काचांचा चष्मा, डोक्याला रेशमी रुमाल. चिटणिसांची परवानगी काढून ते कात्रण मी घरी आणलं आणि दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून टिपणं लिहायला लागले.

आत माझी आत्या शेंगदाणे कुटत होती. अण्णांची ती थोरली बहीण, म्हणून ते तिला अक्का म्हणत आणि त्यांचं ऐकून आम्हीही अक्काच म्हणायचो. लढाईत रंगूनवर बाँब पडायला लागले तेव्हा ती आणि तिचे यजमान बोटीने कलकत्त्याला आणि तिथून रेल्वेने आमच्याकडे आले होते. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात. मामा पूर्वी अळणावरच्या लाकडाच्या वखारीत कारकून होते. अख्ख्या ओंडक्याकडे नुसतं बघून त्यातून किती फळ्या निघतील ते सांगायचे, म्हणून एका कंपनीने त्यांना रंगूनला नेलं होतं. परत आल्यावर ते पुन्हा अळणावरला लागले आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने धारवाडला यायचे. अक्का आमच्याकडेच असायची.

हात पुसत ती बाहेर आली, कात्रण उचललं, लांब धरलं.

"अगबाई," ती म्हणाली, "हा जाडा झाला की."

मला वाटलं तिचा काहीतरी घोटाळा होतोय. "अक्का, हे ब्रह्मदेशाचे पुढारी आहेत."

"असतील की. आमच्या माडीवरच्या खोलीत राहायचा. दहा वर्षं."

माझी दौत कलंडायचीच राहिली. पाच वर्षं ही बाई आमच्या घरात वावरत होती आणि यातलं एक अक्षर बोलली नव्हती. मी तसं म्हटल्यावर ती सरळपणे म्हणाली, "तुम्ही तिकडचा तांदूळ कसा असतो ते विचारलंत, बोटीत उलट्या झाल्या का ते विचारलंत. माडीवर कोण राहायचं ते कुणी विचारलं नाही." आणि ते खरंच होतं.

मग मी वही घेऊन तिच्यामागे फिरू लागले. ती भाजी निवडायची, मी लिहायची.

तो आला तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होता. अक्का आणि मामा रंगूनला खालच्या मजल्यावर भाड्याने राहायचे; घरमालकीण ब्रह्मी विधवा होती, तिने त्याला वरची खोली दिली. पहिल्याच दिवशी त्याने जिन्यावरून अक्काला हाक मारली, "अमा!" अक्काला ती कानडी 'अम्मा' वाटली. आपण याच्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठ्या आणि हा आई म्हणतो! ती दार लावून आत गेली. संध्याकाळी मालकिणीने हसत हसत सांगितलं की त्यांच्या भाषेत अमा म्हणजे थोरली बहीण.

"म्हणजे तो मला अक्काच म्हणत होता," अक्का म्हणाली. "मग काय, ठेवून घेतलं."

त्याला बोलताना अडखळायला व्हायचं. कॉलेजात भाषण करायचं असलं की तो रात्रंदिवस खोलीत येरझारा घालत पाठ करायचा. माडीची जमीन फळ्यांची. प्रत्येक पावलाला धूळ खाली पडायची, थेट चुलीवर. एकदा अक्काने लाटण्याने छत ठोकलं आणि ओरडली, "अरे, माझ्या आमटीत तुझं स्वातंत्र्य पडतंय!" तो धावत खाली आला, आमटीत डोकावला, आणि हसता हसता जिन्यावरच बसला. त्या दिवसापासून तो खालच्या पडवीत येऊन भाषण म्हणायचा. अक्का तांदूळ निवडत ऐकायची. तिची ब्रह्मी भाषा बाजारात शिकलेली. तिला एखादा शब्द कळला नाही तर तो शब्दच बदलायचा. "तुम्हाला कळलं तर बंदरावरच्या हमालालाही कळेल," असं म्हणायचा.

त्याला शेंगदाण्याची चटणी फार आवडायची. तो अक्कासाठी चहाच्या पानांचं लोणचं आणायचा. पहिला घास तिने डोळे मिटून गिळला, नंतर मागून घ्यायला लागली. फक्त नापी, म्हणजे मासळी कुजवून करतात ते, घरात आणायचं नाही एवढं दोघांत ठरलं होतं. संपात त्याला कॉलेजातून काढलं तेव्हा तो चार दिवस खोलीबाहेर आला नाही. मामा वर जाऊन त्याच्याजवळ बसून राहिले. पाचव्या दिवशी तो जेवायला उतरला. पुढे त्याला परत घेतलं, तो वकील झाला, पत्र काढलं, तुरुंगात गेला. तो तुरुंगात असताना पावसाळ्यात त्याच्या पुस्तकांना बुरशी धरू नये म्हणून अक्का ऊन पडेल तेव्हा ती पडवीत पसरायची.

एवढं सांगून ती चुलीकडे वळली. मला वाटलं, संपलं. शनिवारी मामा आले. मी त्यांना वही वाचून दाखवली. ते अक्काला म्हणाले, "ते भाषण सांगितलं नाहीस?"

"व्याख्यानात कशाला ते?"

"मग हे सगळं तरी कशाला?" मामा म्हणाले, आणि पान लावत बसले.

अक्काने उरलेलं त्या संध्याकाळी सांगितलं. तुरुंगातून सुटल्यावर तो मोठा झाला होता, सभेला मैदान भरायचं. एका सभेला मामा गेले होते. तिथे तो म्हणाला की हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातून आलेल्या, लोकांनी आपल्या देशी परत जावं, म्हणजे ब्रह्मदेश ब्रह्मी माणसांचा होईल. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मामा घरी आले आणि न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी अक्का जिन्यात उभी राहिली.

"कधी निघायचं आम्ही?" तिने त्याला विचारलं.

"अमा, मी तुमच्याबद्दल नाही बोललो."

"मग कुणाबद्दल? हिंदी लोक म्हटलं की मला मीच माहीत आहे."

तो अडखळायला लागला, कितीतरी दिवसांनी. त्यानंतर आठवडाभर तो खाली आला नाही आणि हिने वर काही पाठवलं नाही. आणि मग शहरात दंगल पेटली. हिंदी लोकांची दुकानं फुटली, त्यांच्या गल्लीतही माणसं आली. अक्का आणि मामा आतून कडी लावून बसले होते. बाहेर त्याचा आवाज आला. तो जिन्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर, बरोब्बर त्यांच्या दारासमोर बसला होता. "हे माझ्या बहिणीचं घर आहे," तो म्हणत होता. आलेल्यांपैकी काही जणांनी त्याला ओळखलं. त्यांना वाटलं होतं, हा आपल्या बाजूचा, आणि हा तर आडवा बसलेला. ते त्याच्याशी भांडले, शिव्या दिल्या, आणि गेले. तो तीन दिवस तिथून हलला नाही.

चिटणिसांना मी हे सांगितलं तेव्हा ते घाबरले. "बाई, दोन्ही देश आता स्वतंत्र होणार. असल्या गोष्टी आता नकोत. आपलं चरित्र सरळ सांगा." मीही घाबरटच. मी सरळ सांगायचं ठरवलं.

व्याख्यानाला वाचनालयाचा दिवाणखाना भरला होता. पुढे पुरुष, मागे सतरंजीवर बायका, त्यांत अक्का. मी जन्मापासून सुरुवात केली. आमटीत स्वातंत्र्य पडल्याचं सांगितलं तेव्हा सगळे हसले, आणि मी वहीतून मान वर केली. संप, वकिली, तुरुंग, सगळं नीट झालं. शेवटी टाळ्याही झाल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक निवृत्त मामलेदार उठले. त्यांचा जावई ब्रह्मदेशातून आसामच्या डोंगरांतून चालत आला होता आणि वर्षभर अंथरुणावर होता.

"बाई, हाच गृहस्थ ना, आपल्या माणसांना चालते व्हा म्हणाला होता? मी वाचलंय. त्याचं चरित्र आम्ही का ऐकायचं?"

मी चिटणिसांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. माझ्या वहीत उत्तर होतं, पण ती पानं मी काढून घरी ठेवली होती.

मागून आवाज आला. "मी सांगते."

अक्का उभी होती. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. सभेत ती कधीच बोललेली नव्हती. अण्णा खुर्चीत पुढे सरकून बसले.

"तो तसं म्हणाला," ती म्हणाली. "मी त्याला जिन्यात विचारलं, आम्ही कधी निघायचं? त्याला बोलता आलं नाही." मग तिने दंगल सांगितली. सांगता सांगता मराठी कमी होत गेली आणि कानडी येत गेली, माजघरात बायकांशी बोलते तशी. दाराशी उभे असलेले दोन-तीन हमाल आत सरकले. वाचनालयात इतकी कानडी व्याख्यानाच्या वेळी कधी बोलली गेली नव्हती. मध्येच ती थांबली तेव्हा मागून कुणी तरी म्हणालं, "हेळ्री अक्का, हेळ्री." सांगा, सांगा.

"चौथ्या दिवशी मी दार उघडलं," अक्का म्हणाली. "त्याला म्हटलं, ऊठ, आंघोळ कर, जेव. तो म्हणाला, अमा, ते वाक्य मी पुन्हा म्हणणार नाही. पण लोकांनी ऐकलंय, ते आता मला परत घेता येत नाही. मग मी त्याला वाढलं." ती मामलेदारांकडे वळली. "रावसाहेब, तुमच्या जावयाला ज्यांनी बाहेर काढलं त्यांत याचाही शब्द असेल. नाही कसं म्हणू? पण मी आज इथे उभी आहे ती त्याच्यामुळे. मला दोन्ही माहीत आहे, म्हणून दोन्ही सांगितलं."

आणि ती खाली बसली.

मामलेदार अजून उभेच होते. मग म्हणाले, "ते जिन्यात बसले तेव्हा एकटेच होते?"

"एकटाच."

"हूं," ते म्हणाले आणि बसले. चहाच्या वेळी ते उठून बायकांच्या बाजूला आले आणि त्यांनी अक्काला वाकून नमस्कार केला. एवढी लाजलेली अक्का मी आधी पाहिली नव्हती. चिटणीस मला म्हणाले, "मी तुम्हाला चुकीचा सल्ला दिला." मला त्यांचं कौतुक वाटलं.

पुढे तो मंत्री झाला. त्याच्या पुढच्या भाषणांच्या बातम्या मामा चाळशी लावून शोधून वाचायचे. ते वाक्य पुन्हा कधी सापडलं नाही. काही वर्षांनी तो निवडणूक हरला आणि आपल्या नदीकाठच्या गावी जाऊन वकिली करू लागला, असं एका लहान बातमीत होतं. मी अक्काला म्हटलं, पत्र लिहू या का? ती म्हणाली, "काय लिहायचं? माझं सगळं बोलून झालंय त्याच्याशी."

पण त्या व्याख्यानानंतर जे झालं ते सांगायचं राहिलं. महिन्याभराने हुबळीहून बोलावणं आलं. कमरीपेठेतल्या बायकांनी मंडळ काढलं होतं. त्यांना मी नको होते, अक्का हवी होती, आणि कानडीत. अक्का तीन दिवस नाही नाही म्हणत राहिली आणि चौथ्या दिवशी इरकली लुगडं नेसून तयार झाली. मी सोबत म्हणून गेले. एका विणकराच्या घराच्या पडवीत चाळीसेक बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मागच्या खोलीतले हातमाग बंद ठेवले होते. अक्का तासभर बोलली, एकदाही अडली नाही. नापीचा वास कसा असतो ते तिने असं सांगितलं की एका बाईने खरोखर नाकाला पदर लावला. एका म्हातारीने विचारलं, "त्याचं लग्न झालं का गं?" अक्का म्हणाली, "माहीत नाही. विचारायचं राहिलं." यावर सगळ्या अशा हसल्या की रस्त्यावरची माणसं थांबली.

परत येताना आम्ही दुर्गदबैलाच्या बाजारात शिरलो. अक्काने मामांसाठी धोतरजोडी घेतली, दुकानदाराशी मनसोक्त घासाघीस करून. गाडीत खिडकीशी बसल्यावर तिने मला विचारलं, "बरं बोलले का गं मी?"

"माझ्यापेक्षा पुष्कळ बरं."

"ते तर झालंच," ती म्हणाली, आणि स्टेशनावर घेतलेले पेरू पदराने पुसून एक मला दिला, एक स्वतः खायला लागली.