मेथी उगवली तरच खत

नांदेडात विष्णुपुरीच्या रस्त्याला बंगल्यांची एक कॉलनी आहे. तिथं अमीरबीच्या हातगाडीचा आवाज आला की बाया पोती घेऊन फाटकात येतात. लॉनचं कापलेलं गवत, जास्वंदीच्या छाटलेल्या फांद्या, बदामाची पानं, असलं सगळं ती नेते आणि कोपऱ्यातल्या मोकळ्या प्लॉटवर त्याचं खत करते. कॉलनीतल्या शहाण्यांना वाटतं, पाला टाकून ठेवला की तो आपोआप कुजतो. हे कुणी तिला ऐकवलंच, तर ती त्याच्या हातात फावडं देते.

ती पिंजाऱ्यांच्या घरातली. तीस वर्षं नवऱ्याबरोबर गाद्या भरल्या. फोमच्या गाद्या आल्या आणि धंदा बसला. पण हात शिकलेले होते. दाबून भरलेला कापूस आणि दाबून रचलेला पाला, दोन्ही आतून गुदमरतात, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. दर आठवड्याला ती ढीग उकलते, मोकळा करते, पुन्हा रचते. कोपरापर्यंत हात आत घालून ऊब पाहते. ओलं जास्त झालं की वास सुटतो, म्हणून दारोदार तिचा एकच धोशा असतो, "वाळलेलं द्या गं, वाळलेलं!"

यंदा मात्र पेच पडला होता. कॉलनीच्या बैठकीत ठरलं, रविवारपर्यंत ढीग उठला नाही तर अमीरबीनं जागा सोडायची. तिथं गाड्या लागतील. अमीरबी मुळीच डगमगली नाही. अर्धापूरच्या शेषेरावांनी नव्या केळीसाठी सगळं खत आधीच सांगून ठेवलं होतं. रविवारी ट्रॅक्टर येणार, ढीग उठणार आणि जागा राहणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

फक्त मेथी उगवायची होती. खत बाहेर द्यायच्या आधी ती दोन कुंड्यांत मेथी पेरते. एकीत नुसती माती, दुसरीत खत मिसळलेली. शनिवारी सकाळी पाहिलं तर मातीतली मेथी ताठ उभी. खतातलीही उगवली होती, पण देठ पिळवटलेले आणि पानं चुरगळलेली. शेजारच्या शेतातलं तणनाशक उडून आलं की कपाशी अशीच होते, हे तिनं माहेरी पाहिलेलं होतं. म्हणजे कुणाच्या तरी पाल्यातून तसलंच औषध ढिगात आलं होतं.

ती एकेक फाटक वाजवत निघाली. पाचव्या बंगल्यातल्या तरुण वर्षाराणीनं हसतच दार उघडलं.

"मावशी, तुम्हीच म्हणता ना, वाळलेलं द्या? मग लॉनमधल्या तणावर औषध मारलं. आठ दिवसांत कसं खडखडीत झालं! दोन पोती भरून दिली तुम्हाला."

पोरीनं एवढ्या कौतुकानं सांगितलं की अमीरबीला रागावताही येईना.

"माझीच चूक, बाई," ती कपाळावर हात मारून म्हणाली. "वाळलेलं द्या म्हणत राहिले. कसं वाळलेलं, ते कधी सांगितलंच न्हाई."

ती दोन पोती साऱ्या ढिगात कधीच मिसळून गेली होती.

रविवारी ट्रॅक्टर आला. बैठकीतली चार माणसंही मुद्दाम बघायला आली. गप्प बसणं सोपं होतं, आणि ते तिच्या मनात आलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण तिनं दोन्ही कुंड्या उचलल्या आणि शेषेरावांपुढं ठेवल्या.

"पाटील, हे केळीला घालू नका. ढिगात तणनाशक गेलंय, कोवळी रोपं अशी वाकडी होतील."

शेषेरावांनी खाली बसून मेथी नीट पाहिली. "तुम्ही बोलला नसता तर मला कळलं असतं का?"

"रोपं बिघडल्यावर कळलं असतं."

"आन ढीग उठला न्हाई तर तुमची जागा जाईल म्हणं."

"जाईल."

शेषेराव उठले आणि गड्यांना म्हणाले, "भरा रे."

"अवो, मी काय सांगून राहिले?"

"ऐकलं की. केळीला न्हाई घालत, यंदा शेणखतावर भागवतो. पडीक तुकडा हाय माझा, औषधाचा जोर उतरेपर्यंत तिथं टाकतो. तुम्ही महिन्याला या, उकला, मेथी पेरून बघा. तुम्ही हाव म्हणाल तवाच ते पिकाला जाईल. अन् पुढचा ढीगबी माझाच."

आजवर लोकांनी अमीरबीचे कष्ट घेतले होते. तिच्या शब्दासाठी खत थांबवून ठेवणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला होता. डोळे पुसून तिनं पदर खोचला आणि पहिली टोपली स्वतःच ट्रॉलीत ओतली.