पन्नासाला एक

माझा स्वभाव कागद वाचणारा आहे. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठीसुद्धा मी शेवटपर्यंत वाचतो. त्यामुळे देवळ्याच्या शेतावर झाडं कापायची चेनसॉ घ्यायचं ठरलं, तेव्हा खरेदी माझ्याकडे आली आणि तिच्यासोबतचं पुस्तक मी दोनदा वाचून काढलं. शेत माझा मोठा भाऊ बघतो. मी नाशकात नोकरी करतो आणि सुट्टीला शेतावर जाऊन सल्ले देतो.

काम साधं होतं. नवी कांदाचाळ बांधायला जागा हवी होती आणि बांधावरच्या सात बाभळी तिथे आडव्या येत होत्या. नाशकात द्वारका चौकाजवळच्या दुकानदाराने मशीन दाखवलं, चालू करून दिलं आणि मग तेलाच्या बाटल्या मांडल्या. या मशीनला टू-स्ट्रोक इंजिन असतं. त्यात तेलाची वेगळी टाकी नसते, पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, तेवढ्यावर पिस्टनचा जीव. साखळीचं तेल निराळं. "सिंथेटिक घ्या साहेब," तो म्हणाला. "धूर कमी, काजळी कमी. लिटरला वीस मिली. कंपनी पन्नासाला एक सांगते."

"आणि लोक किती टाकतात?"

"लोक पंचविसाला एक टाकतात. स्कूटरची सवय."

ती सवय आमच्याच घरात होती. वडिलांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर होती. पंपावर ठरलेलं तेल घालून झालं, की वडील वरून आणखी एक झाकण ओतायला लावत. स्कूटर निघाली की मागचा माणूस धुरात दिसेनासा होई. पण ती कधी बंद पडली नाही. दादाने यंत्रांविषयीची सगळी श्रद्धा तिथून घेतली होती.

"तेल जास्त झालं तर धूर होईल," तो मला म्हणाला. "कमी झालं तर मशीन जाईल. धुराला कोन भितं?"

मी त्याला समजावलं. जास्त तेलाने प्लग काळा पडतो, धूर जायची वाट काजळीने बुजते, मशीनचा दम जातो. हे नवं तेल पातळ असलं तरी टिकाऊ आहे, ते थोडंच पुरतं. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, म्हणून मिश्रण महिनाभर साठवायचं नाही, लागेल तेवढंच करायचं. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तू कधी चालवलंय का?" मी चालवलं नव्हतं. तरी अखेर त्याने ऐकलं. "चल, तुझं पन्नास. पन कालवायचं तूच. माझा हात सैल हाय."

कालवायचं म्हटलं की आमच्या शेतावर एक नियम आहे. डाळिंबाची बाग होती तेव्हा फवारणीच्या दोनशे लिटरच्या ड्रमभोवती तीन-चार माणसं असत. वीज जाई, कुणी व्यापारी येई, माणसं इकडची तिकडे होत. एकदा दोघांनी आपापल्या परीने औषध ओतलं आणि अर्धी बाग करपली. तेव्हापासून वडिलांनी ठरवलं: औषध पडलं की बाटलीचं झाकण ड्रमवर उलटं ठेवायचं. झाकण उलटं दिसलं म्हणजे काम झालं, कुणी काही विचारायचं नाही. बाग गेली, वडील गेले, नियम राहिला. दादा झाकणाकडे बघतो आणि पुढच्या कामाला लागतो. मीही त्याच घरात वाढलो, पण वीस वर्षांत माझ्या हातून एकही ड्रम कालवला गेलेला नाही.

त्या रविवारी सकाळी शेडमध्ये मी पेट्रोलने भरलेला पाच लिटरचा कॅन समोर घेतला, शंभर मिलीचं माप काढलं, निळ्या तेलाची बाटली उघडली. झाकण मातीत नको म्हणून कॅनच्या सपाट डोक्यावर ठेवलं. उलटं, अर्थात. कुठलंही झाकण आपण उलटंच ठेवतो. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. शेडमध्ये रेंज नाही, म्हणून मी बोलत बोलत रस्त्यापर्यंत गेलो. एका फाईलचा घोळ होता, तो निस्तरायला वीसेक मिनिटं लागली.

परत येताना बांधावरून मशीनचा आवाज येत होता. दुकानात ऐकला होता त्याहून चढा, बारीक. तो ऐकत मी दहा-बारा पावलं टाकली असतील. मग हाताला काहीतरी ओलं लागलं म्हणून पाहिलं. तेलाची बाटली माझ्या डाव्या हातात होती. उघडी आणि गळ्यापर्यंत भरलेली.

मी धावलो. पोचण्याआधीच आवाज तुटला. दादा दोरी ओढत होता आणि दोरी हलत नव्हती. कोरं पेट्रोल पिऊन इंजिन जागच्या जागी आवळलं होतं. मी बाटली पाठीमागे धरली. तोंड उघडलं आणि विचारलं, "काय झालं?"

या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते. तेव्हा वाटली ती भीती. इतके दिवस पन्नासाचा पाढा वाचणाऱ्याने तेलच घातलं नाही, हे गावभर झालं असतं. मी शेडमागून जाऊन बाटलीच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीचा बोळा कोंबला आणि ती माझ्या कारमध्ये पुढच्या सीटखाली ढकलली. झाकण शोधलं, कॅनवर नव्हतं.

दादाचं एक नाव आहे. पंचक्रोशीत कुणाची मोटर, कुणाचा पंप अडला की त्याला बोलावतात, आणि त्याच्या हातून मशीन जळालं असं कधी कुणी ऐकलेलं नव्हतं. त्या संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. शेजारचा शेतकरी बांधावर उभा राहून म्हणाला, "काय दादा, नवंकोरं मशीन भाजून खाल्लं का?" मग माझ्याकडे बघून, "का हे साहेबांच्या पन्नासानं गेलं?"

"नाय, नाय," दादा म्हणाला. "प्रमाण बराबर होतं. माझ्याच हातानं गेलं."

जेवताना वहिनी म्हणाली, "तुमच्या हातून कसं काय?" दादाने आणखी एक भाकरी मागितली. उद्या सांगू, असं मी ठरवलं, आणि ठरवल्यामुळे थोडं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन आम्ही नाशकाला निघालो. दादा शेजारी बसला होता. वाटेत कांद्याच्या भावावर बोललो. द्वारकेच्या त्या दुकानात मेकॅनिकने मशीनचा सायलेन्सर काढला, बॅटरीच्या उजेडात आत बघितलं आणि आम्हालाही बघायला लावलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते, मांजराने ओरबाडावं तसे.

"याला तेल मिळालंच नाय," तो म्हणाला. "पन्नास नाय, शंभर नाय, कोरडंच चालवलंय. कोनी भरलं हे?"

"मी," दादा म्हणाला.

मेकॅनिकने त्याच्याकडे पाहिलं ते मला बघवलं नाही. वर त्याने ऐकवलं, "काका, वाचता येत नसंल तर विचारावं मानसानं." दादाने मान हलवली. माझा दादा, ज्याला अख्खं गाव विचारायला येतं, त्याने मान हलवली.

सिलेंडर-पिस्टन बदलायला तास-दीड तास लागणार होता. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. पहिला घोट घ्यायच्या आत मी म्हणालो, "दादा, मी तेल घातलंच नव्हतं. फोन आला आणि मी बाटली घेऊन गेलो."

त्याने चहावर फुंकर मारली. "रंग दिसला नव्हता मला पेट्रोलला," तो म्हणाला. "म्हटलं, तुझं पन्नासाला एक म्हंजे एवढंच निळं दिसत असंल. झाकण तर होतं कॅनवर."

"मग मेकॅनिकला 'मी' असं का म्हणालास?"

"त्यानं इचारलं, भरलं कोनी. भरलं मीच ना."

दादाने शर्टाच्या खिशात हात घातला. निळं झाकण काढून माझ्या ग्लासाशेजारी ठेवलं.

"कालपासनं खिशात हाय. बाटलीला लाव," तो म्हणाला. "येताना वळणावर ती माझ्या पायाशी आली होती. मी परत आत सारली, पन तो बोळा काय टिकायचा नाय."