याच्याखाली कुठलं गाव?

समोरच्या खोलीत भाड्याने राहणारी बाई सकाळी तव्यावर सुकट भाजायला घेते आणि तो खमंग, खारट वास आमच्या ओट्यावर येऊन ठाण मांडतो. पुण्याजवळच्या या भुकूममध्ये समुद्र कुठला? समोर नव्या इमारती, मागे डोंगर. पण परवा त्या वासाने हे पेपरातून मान वर करून म्हणाले, "कोची." मी म्हटलं, "छे, दीव." पण खात्री कुणालाच देता येईना. ती मासळी कुठल्या किनाऱ्यावर वाळत होती, वाळू पांढरी होती की काळसर, सगळं एकात एक मिसळून गेलंय. दीवचा किल्ला आठवायला जावं, तर बुरुजाखाली कोचीची ती मोठाली टांगलेली जाळी दिसतात. पुदुच्चेरीच्या पिवळ्या गल्लीतून वळावं, तर थेट रामेश्वरचा पूल. काय करावं अशा डोक्याला!

मी पुण्यातली, शाळेत शिकवणारी. हे इथले, भातशेतीवाले. मुलगा मार्गी लागला तेव्हा ह्यांनी नेमच केला, भाताची झोडणी उरकली की दर पौषात एक समुद्र. पुण्याच्या मंडळींबरोबर सहलीला जायचं, नावेत बसायचं, बेटं बघायची. मला खूप हौस, आणि ह्यांना माझ्याहून जास्त. फक्त नाव काठापासून सुटली की माझा हात ह्यांच्या बाहीकडे जायचा, लाटांच्या भीतीने नव्हे. आता हे नावाड्याला विचारणार, हे मला पाठ झालं होतं. "भैया, इसके नीचे कंचा गाव है?"

कोचीच्या खाडीत पहिल्यांदा विचारलं तेव्हा सगळी नाव हसली. दीवला नावाड्याने मान हलवून पुढे बघितलं. सदाशिव पेठेतल्या एक बाई तर मला म्हणाल्या, "यजमान विनोदी आहेत हो तुमचे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ह्यांचा त्यात विनोद नव्हताच. ह्यांच्या आजोबांचं गाव मुळशीच्या धरणात गेलं. वैशाखात पाणी उतरलं की ते नातवाला काठावर नेऊन बोटाने दाखवायचे, ते आपलं खळं, तो देवळाचा चौथरा, तिथं तुझी आजी नांदायला आली. लहानपणी पाण्याची ओळख अशी झालेला माणूस मोठं पाणी दिसलं की खाली कुणाचं गाव आहे, हेच विचारणार. मला हे कळत होतं. कळूनही मी प्रत्येक वेळी पदराआडून त्यांना चिमटा काढायचे.

आता अडचण वेगळीच आहे. गेल्या महिन्यात हे भाताच्या खाचरात पाणी बघून येतो म्हणून निघाले. ते खाचर विकून सात-आठ वर्षं झाली, तिथे गाड्या उभ्या असतात. तिथल्या वॉचमनने हाताला धरून घरी आणून सोडलं. मुलगा हिंजवडीहून धावत आला, डॉक्टरांची वेळ घेतली आणि माझ्यापुढे कागद ठेवला. "आई, डॉक्टर विचारतील, बाबा सांगतात त्यातलं खरं काय आणि मनाने जोडलेलं काय. तुझ्याशिवाय कोण सांगणार? नीट लिहून ठेव." शाळेत जन्म गेला, चूक-बरोबर करायला मला काय अवघड? मी दोन रकाने आखले. खाचर, चूक. रामेश्वरच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा टोपी उडाली, बरोबर. कोची की दीव, ते राहू दे.

मग ह्यांनी अंदमानचं काढलं. "त्या बेटावर जाताना नावाड्यानं इंजान बंद केलं, आटवतंय? म्हनला, हाय ना काका, हितं खाली वस्ती हाय. समुद्र चढला आन् ऱ्हायली खाली. माजंबी घर हितंच हुतं. आमी दोघं लई येळ खाली बघत बसलो."

मला काहीच आठवेना. जुने फोटो काढून बसले. नारळी, निळं पाणी, टोपी घातलेले हे. नावाड्याचा एकही फोटो नाही. इतकी मोठी गोष्ट झाली आणि मी विसरले? की ती झालीच नाही, हे सगळं ह्यांच्याच मनातून वर आलेलं? ह्यांचं डोकं बिघडलंय की माझं? तीन दिवस डोक्याचं नुसतं भजं झालं होतं.

शेवटी काल विचारलं, "अहो, त्याने गावाचं नाव काय सांगितलं होतं?"

हे हसले. "त्येच इसरलो बघ. पन तू हुतीस की तितं. तुला ठावं असंल."

आणि तेव्हा मला आठवलं. वस्ती नाही, नावाडी नाही. मला माझी जागा आठवली. त्या बेटावर जायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या एका नावेत ह्यांनी तोच प्रश्न विचारला होता, लोक पुन्हा हसले होते, आणि मी रागाने बोलणं सोडलं होतं. बेटाकडे जाताना मी नावेच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, कानावरून पदर घट्ट ओढून, ह्यांच्याकडे पाठ करून. मागे इंजिन थांबलं असेल, नसेलही. मी वळून पाहिलंच नाही.

इतके समुद्र सोबत पाहिले, असं मी सगळ्यांना सांगते. सोबत म्हणजे किती, हे कुणी विचारत नाही. जन्मभर शेजारी बसलेल्या माणसाची साक्ष द्यायची वेळ येईल, हे माहीत असतं, तर मी नक्कीच वळले असते.

आज सकाळी कागद पूर्ण केला. अंदमानच्या ओळीपुढे दोन्ही रकाने कोरे ठेवले आणि खाली लिहिलं, मी तिथे होते, पण पाठ करून बसले होते. डॉक्टर विचारतील तेव्हा हेच सांगेन.